भरलेला परत आलेला डबा

तेव्हा मोटार कोळशावर चालायची. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागे भट्टीसारखी एक टाकी लावलेली असे आणि ती नीट पेटेपर्यंत उतारूंनी खाली उभं राहायचं. त्यामुळे आष्टा सोडताना मला रडायला भरपूर वेळ मिळाला आणि आईला बोलायला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरलेला पितळी डबा तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, "डबा मोकळा परत आणू नगंस गं." आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. लेक दूर चालली तरी आईला सांगायला तेवढंच सुचलं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांच्याही आयांना असंच काहीतरी सुचलं असेल.

मी दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा शिकले होते. साताऱ्याच्या आमच्या चर्चला आपल्या मंडळीतल्या बायका-पुरुषांना ते काम शिकवणारं माणूस हवं होतं. घरोघरचे कर्ते पुरुष पलटणीत गेलेले, मागं म्हातारी माणसं आणि बायका. अशा घरी कुणी आजारी पडलं तर आपण मदतीला जायचं, मग ते घर कुणाचंही असो, असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं.

रविवारची उपासना संपली की माझी शिकवणी सुरू. पहिल्या लढाईतून आलेले म्हातारे दाऊदमामा रोगी म्हणून बाजेवर निजायचे. तापातल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे मी दाखवत होते, तर मामा खरोखरच घोरायला लागले. शिकायला येणाऱ्या मार्थाकाकूंचा गळा गोड आणि जीभ तिखट. रोग्याच्या दारात गेल्याबरोबर एक गीत झालंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. रोग्याचं डोकं आधीच ठणकत असतं, हे त्यांना पटवता पटवता माझंच ठणकायला लागायचं.

पहिलं घर मिळालं ते रखमाचं. नवरा लढाईवर, ती मुदतीच्या तापानं आडवी, आणि घरात फक्त थकलेली सासू. मामा आणि काकूंना बरोबर घेऊन मी आईच्या डब्यात तांदळाची पेज नेली. सासूबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

"तुमच्या हातचं आमच्यात चालत न्हाई. राग मानू नगा, बाई."

राग नाही, पण लागलं फार. ख्रिस्ती होऊन आम्हाला दोन पिढ्या झाल्या तरी आष्ट्यात आमचं घर वेशीबाहेरच, आणि विहिरीवर पाणी वरूनच ओतलं जायचं. साताऱ्यात तरी वेगळं असेल अशी वेडी आशा होती. डबा मोकळा आणू नको असं आईनं बजावलं होतं. तो भरलेला परत आणावा लागेल हे काही तिनं सांगितलं नव्हतं.

आत रखमा कण्हत होती. अशा तापात माणूस जातं ते पुष्कळदा नुसतं कुणी बघायला नसतं म्हणून. हे मला ठाऊक होतं आणि मी उंबऱ्याबाहेर उभी होते. परत वळताना दाऊदमामांना गोठा दिसला. म्हैस गाभण, आणि गव्हाणीत काडी नाही.

मामा म्हणाले, "वैरण तर आपल्या हातची चालंल की."

मार्थाकाकू उसळल्याच. "वैरण आन् शेण आमच्या आज्यांनीबी लय केलं. त्यासाठी शिकलो व्हय आमी?"

उत्तर मामांनी दिलं. "तवा सांगून करून घेत हुते. आता आपण आपल्या मर्जीनं जातुय. लय फरक हाय, काकू."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गोठ्यात जाऊ लागलो. मामा वैरण कापायचे, आम्ही शेण काढायचो. प्रार्थना कधी करायची असं काकूंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, शेण काढताना करा, तोंड मिटून. सासूबाई ओसरीवरून नुसत्या बघायच्या. आत त्या एकट्याच झुंजत होत्या. शेवटी एका दुपारी त्या गोठ्याच्या दारात आल्या. पदर विस्कटलेला.

"आवं बाई, आत या. माझ्यानं तिला वळवंना. देवाला काय सांगायचं ते मी सांगन."

आम्ही आत गेलो. मी आणि काकूंनी रखमाला कुशीवर घेतलं, अंग पुसलं, पाठीला आलेल्या जखमा धुतल्या. दाऊदमामांच्या घोरण्यातूनही काकू सगळं नीट शिकल्या होत्या. गीत त्यांनी म्हटलंच नाही. पुढं कितीतरी दिवस आम्ही आळीपाळीनं बसलो, आणि रखमाचा ताप उतरला. मग एकदा तिनंच पेज मागितली. मी डबा पुढं केला, सासूबाईंनी तो घेतला, आणि त्या दिवशी मी मोकळ्या हातानं घरी आले.

म्हैस व्याली तेव्हा मामा तिथंच होते. तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः आमच्या आळीत आल्या. त्यांच्या हातात माझा डबा होता, आणि डब्यात खरवस. काकूंनी पहिली वडी तोंडात टाकली आणि मग मात्र त्यांनी गीत म्हटलं, पूर्ण, सगळ्या कडव्यांसकट. सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

त्यानंतर मंडळीतल्या आणखी टोळ्या मी तयार केल्या. सगळ्यांना आधी हेच शिकवलं, की दारात गेल्यावर गव्हाण बघा, रांजण बघा, मग तोंड उघडा.

पुढं मी आष्ट्याला निघाले, तेव्हा रखमानं त्या डब्यात गूळ घालून दिला. आईनं खडा तोंडात टाकला.

"कुणी दिला गं?"

"शेजारणीनं."

आमच्या घरात वेशीच्या आतल्या कुणासाठी हा शब्द कधी वापरला गेला नव्हता. आईनं डबा घासून लख्ख केला, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि काठोकाठ भरून परत माझ्या हातात दिला.

"न्हे. तिला मोकळा कसा द्यायचा?"

रखमानं ती चटणी भाकरीबरोबर खाल्ली आणि तिखट फार आहे म्हणून तक्रारही केली. तो डबा अजून आष्ट्याचं आमचं घर आणि रखमाचं घर यांच्यामध्ये जा-ये करतो. माझं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी आधी तो डबा सध्या कुठं आहे ते आठवून बघते.