चौथाई वाटा

विमानाच्या इंधनाला रॉकेलसारखाच वास येतो, आणि तो नाकात गेला की मला पेणच्या खाडीकाठचं आमचं घर आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक छोटं जेट चार उद्योजकांनी मिळून घ्यायचं आणि पाळीपाळीने वापरायचं, अशी नवी टूम आमच्या कंपनीत निघाली होती. कोणतं जेट घ्यावं हे आम्हा वैमानिकांना विचारलं होतं, म्हणून एका रविवारी माझे कॅप्टन खाडीतलं जिताडं खायला आणि वाद घालायला घरी आले. पडवीत दादाही ऐकत बसला होता. कॅप्टनना आत ताठ उभं राहता येईल असं ऐसपैस विमान हवं होतं. मी आखूड धावपट्टीवर उतरणाऱ्याच्या बाजूने होतो. "चौथाई वाटा घेणारा माणूस वाकून आत शिरेल का?" कॅप्टन म्हणाले. "वाटा घेतलाय तर त्याला आपल्या कारखान्याजवळच उतरायचं असणार," मी म्हणालो. आत स्टोव्हचा फरफराट एकदम थांबला. आई उलथणं हातात घेऊनच बाहेर आली आणि दादाकडे बघून म्हणाली, "वाटे कसले पाडताय रं? मी हाय तवर मिठागराचे वाटे नाय व्हायचे." "आई, विमानाचे," मी म्हणालो. "इमानाचे पाडा किती पन," म्हणत ती आत गेली. कॅप्टन खदखदून हसले, मीही हसलो. दादा तेवढा जमिनीकडे बघत राहिला. आई गेली त्याच वर्षी त्याने वाटणीसाठी मिठागरावर सरकारी मोजणी आणली, तेव्हा कळलं, आईने चुकीचं काही ऐकलंच नव्हतं.