धारेवरची पावलं

बार्ला आत्या आमच्या खोऱ्यातली बर्फ मोजणारी. तीस हिवाळे ती रोज पहाटे वरच्या कुरणातल्या खांबापाशी जायची आणि किती बर्फ, किती ओला, रात्री गोठला की नाही, ते खाली शहरात फोनवर कळवायची. बोलणं मोजकंच. बर्फाची मूठ नाकाशी धरून वास घ्यायची, तेव्हा आम्ही विचारायचो, "काय म्हणतोय गं?"

"गप्प बसा म्हणतोय."

त्या एप्रिलात वाऱ्याबरोबर वाळवंटाची पिवळी धूळ आली आणि डोंगर मळक्या चादरीसारखे दिसू लागले. मळलेला बर्फ ऊन पितो. तीन रात्री तो गोठलाच नाही. कुरणात उभं राहिलं की पायाखाली, खूप खोल, पाणी चालल्याचं ऐकू यायचं. पाखरं मात्र मुकी झाली होती.

चौथ्या सकाळी आत्या माझ्या चीजच्या खोलीत आली. ओठ पांढरे पडलेले.

"क्लाउ, चल वर. एकटीनं पाहिलंय, माझा माझ्यावरच विश्वास बसत नाहीये."

डोंगराच्या धारेवर पावलं उभी होती. उमटलेली नव्हेत, उभी. वाऱ्यानं आणि उन्हानं भोवतालचा बर्फ खाल्ला होता आणि पायाखाली दाबलेला तेवढा वीतभर उंच उरला होता. एकामागून एक पाऊल चढत गेलेलं, बाजूला काठीच्या टोकाचे बारके खुंट. डावं पाऊल फरफटलेलं. उताराच्या कडेला माग संपत होता.

"परतीची कुठायत?" मी विचारलं.

"नाहीत. ही जानेवारीतली आहेत. डावा पाय बघ."

मास्तर तुमाश डाव्या पायानं लंगडायचा. जानेवारीत तो नाहीसा झाला, तेव्हा खिंडीपलीकडं कोणा बाईकडं पळाला, असं गावानं ठरवून टाकलं. सगळ्यात आधी बोललो होतो मी. त्याची बायको नेसा तेव्हापासून चर्चमध्ये यायची बंद झाली होती.

खालच्या उतारावर हातभर रुंद भेग पडली होती. तिच्यात तपकिरी गवत दिसत होतं आणि आतून ओलसर गार हवा येत होती.

"नेसाला आत्ताच नको सांगू या," मी म्हणालो.

"तीन महिने ती गावाचं ऐकतेय. आता हे ऐकू दे."

ऐकल्याबरोबर नेसा फावडं घेऊन निघाली. कुरणाच्या फाटकात आत्या आडवी आली.

"बाजूला हो, बार्ला. तो वर आहे."

"तीन महिने आहे, अजून एक दिवस राहील. उतार सुटायला आलाय. तू गेलीस तर तुला शोधायला क्लाउ जाईल, आणि त्याला शोधायला मी."

"तुला नुसता बर्फ कळतो गं. माणसं कुठं कळतात!"

आत्यानं नेसाला गवताच्या कोठाराच्या भिंतीशी बसवलं आणि तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. नेसानं तिला नखांनी ओरबाडलं, तरी सोडलं नाही.

अकराच्या सुमाराला जमिनीखाली कोणी जड माणूस खाली बसावा तसा 'हुं' असा आवाज झाला. मग अख्खा उतार निघाला. सावकाश, भिजलेल्या कणकेसारखा, दगड आणि झाडं पोटात घेऊन. नेसा ज्या वाटेनं चढणार होती, ती वाट गेली. नंतर फक्त ठिबकण्याचा आवाज.

"आता?" नेसानं विचारलं.

"रात्री बर्फ गोठला, तर पहाटे."

गोठला. पहाटे अख्खं गाव वर गेलं. कोसळलेल्या बर्फाच्या कडेला शोधाच्या कुत्र्यानं उकरलं, तेव्हा तुमाश जवळजवळ उभाच सापडला. काठीचा पट्टा मनगटात होता आणि चेहरा कालच्यासारखा. वर कशाला गेला होता, ते कधीच कळलं नाही.

नेसानं त्याच्या पापण्यांवरचा बर्फ बोटानं काढला आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "हं, आता बोला."

मी टोपी काढली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, की ती कंडी मीच पिकवली होती. तिनं ऐकून घेतलं. माफ केलं, असं मात्र म्हणाली नाही.

"त्या बाजूनं उचल त्याला," ती म्हणाली.