साहेबांची गाडी हलेपर्यंत

आमच्या ऑफिसात सहाला सुट्टी होते, असं मला नोकरीला लागताना सांगितलं होतं. सहाला घड्याळात सहा वाजतात, एवढंच खरं.

परदेशात टॉवेल पाठवणाऱ्या कंपनीचं हे ऑफिस सात रस्त्याजवळ आहे. थंडीच्या तोंडावर ऑर्डरी आटल्या आणि माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. ती कुणी सुरू केली देव जाणे. पण त्या दिवसापासून वेळेवर उठायची कुणाची छाती होईना. साहेब केबिनमध्ये बसलेत ना, मग आपणही बसायचं. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली रे पडली, की सगळं ऑफिस रिकामं.

तोवर कामं काय? डोंबल! एकजण कधीच रवाना झालेल्या मालाच्या याद्या पुन्हा छापायचा. शेजारच्या बाई बंद कॉम्प्युटरपुढं कपाळाला आठ्या घालून बसायच्या. एक महाभाग मागच्या दारानं सटकायचा, पण खुर्चीवर जर्किन टाकून आणि टेबलावर डबा उघडा ठेवून, म्हणजे आत्ताच पाणी प्यायला उठलाय असं वाटावं. सकाळी त्याच्या शेंगाचटणीत मुंग्यांची जत्रा भरलेली असायची. मी यांच्यापेक्षा शहाणा होतो असं नाही. मी एकच पान वरखाली सरकवत बसायचो.

माझी अडचण एवढीच होती की गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या संक्रांतीच्या यात्रेत त्या वर्षी काठी पेलायची पाळी माझी होती. नंदीध्वजाला आम्ही काठीच म्हणतो. चांगली उंच आणि जड. कमरेशी धरून ती उभीच्या उभी पेलत गर्दीतून चालायचं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कितीतरी वर्षं पेलली. गुडघे गेले तसे मला म्हणाले, "आता तू." त्यांनी माझ्यासाठी काठी पेलताना घालायची पांढरी बाराबंदीसुद्धा शिवून आणली. पण आधी रोज संध्याकाळी सराव असतो, आणि सराव घेणारे काका कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. "सरावाला न्हाय, त्येला काठी न्हाय. पाय चुकला तर लोकांच्या डोस्क्यात पडंल की!"

सुरुवातीला गेलो. मग ही कुजबुज आली आणि मी खुर्चीला चिकटलो. अप्पांचा फोन यायचा, "निघालास का?" मी म्हणायचो, "निघतोच की." आणि पान वरखाली करायचो.

त्यात कंपनीनं पुण्याहून एक बाई आणल्या. काम आणि घर यांचा समतोल कसा राखावा, यावर त्या बोलणार होत्या. कधी? तर ऑफिस सुटल्यावर, साडेसहाला, हजेरी सक्तीची. वा रे समतोल! बाईंनी आम्हाला डोळे मिटून घरच्यांचे चेहरे आठवायला लावले. मी मिटले, तर समोर काका उभे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही बरं दिसत नव्हतं. शेवटी साहेब उठून म्हणाले, "कुटुंबाला वेळ द्या." टाळ्या झाल्या, फोटो झाला. मग साहेब केबिनमध्ये जाऊन बसले आणि आम्ही मुकाट आमच्या खुर्च्यांवर. थू आमच्या जिंदगानीवर!

त्याच संध्याकाळी काकांनी काठी माझ्या चुलतभावाला दिली. सकाळी अप्पांनी फक्त ती बाराबंदी उचलली आणि लंगडत जाऊन त्याच्या घरी देऊन आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यात्रेच्या आधी कपात झालीच. एकच माणूस गेला. साहेब.

मिरवणुकीच्या दिवशी अप्पांना धरून मी रस्त्याच्या कडेला उभा होतो, तर शेजारी साहेब. मला बघून कसनुसं हसले. मी म्हटलं, "तुम्ही तर सगळ्यांत उशिरापर्यंत बसायचा."

"काय करणार हो?" ते म्हणाले. "तुम्ही कुणी उठतच नव्हता. स्टाफ बसलाय आणि साहेब पळाला, असं मालकांनी ऑफिसच्या कॅमेऱ्यात बघितलं असतं तर? माझ्या आईला घास भरवावा लागतो. ती रोज ताटापुढं बसून राहायची."

त्यांना निघायचं होतं, पण पुढं फुगेवाला आडवा उभा. "जरा सरकता का?" असं ते त्याला विनवत होते आणि तो ऐकत नव्हता.

"कोण रं त्यो?" अप्पांनी विचारलं.

"आमचे साहेब."

तेवढ्यात काठ्या आल्या. माझा चुलतभाऊ घामानं निथळत, एकेक पाऊल टाकत समोरून गेला. माझी बाराबंदी त्याला जरा आखूड होत होती. अप्पांनी हात जोडले. काठी पुढं गेल्यावर त्यांनी मान वळवून साहेबांकडं पाहिलं. ते अजून फुगेवाल्यामागंच अडकले होते.

"ह्येला भिऊन तू काठी सोडलास व्हय?" अप्पा म्हणाले.