अकरा घरांची एक पगडी

कुंभकोणमहून बैलगाडीने तासाभरावर, कावेरीच्या काठी आमचं गाव होतं. एक देऊळ, एक घाट, कॉफीचं एक दुकान आणि मराठी बोलणारी अकरा घरं. आमची माणसं अंघोळीला घाटावर उतरली की 'आम्ही तंजावरच्या दरबारचे' हे एकमेकांना रोज नव्याने सांगायची. दरबार बुडून शंभर वर्षं होत आली होती. कोणी भाताच्या गिरणीत कारकून होता, कोणी नुसताच ओसरीवर बसून होता. सुंभ जळला होता, पीळ तेवढा शाबूत होता.

त्या पिळाची खूण म्हणजे एक पगडी. जर काळवंडलेली, आतून झुरळांनी खाल्लेली. अकरा घरांत मिळून एवढी एकच, आणि ती चुलत्यांच्या पेटीत. मुलगी बघायला पाहुणे आले की घरच्या कर्त्याने ती घालून ओसरीवर यायचं आणि मगच मुलीला बाहेर आणायचं, असा रिवाज. ज्याच्याकडे कार्य, त्याने ती मागून न्यायची.

माझ्या अक्काला बघायला कुंभकोणमचा एक शाळामास्तर आला, आईला बरोबर घेऊन. लग्नानंतर मुलीने मॅट्रिकला बसलं पाहिजे, एवढीच त्याची अट होती. अक्का आठवीची तीच पुस्तकं दोन वर्षं पुन्हा पुन्हा वाचत होती. त्या दिवशी ती सकाळपासून जेवली नव्हती.

चुलत्यांनी पगडी दिली नाही. मागच्या पोंगलला आमच्याकडे विडा आधी दुसऱ्या घराला गेला, हा त्यांचा राग. आणि अप्पा, माझे वडील, स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिले. आईने विनवलं, तर म्हणाले, दरबारी माणूस बोडक्या डोक्याने पाहुण्यांपुढे जात नाही. बाहेर पाहुण्यांची दोनदा कॉफी झाली. अक्का दाराआड उभी. मी अप्पांचा हात धरून ओढला, त्यांनी तो सोडवून घेतला. मला त्यांची किळस आली आणि ती पुढे कधी गेली नाही. मुलीच्या बापाच्याच मनात नाही, असं समजून मास्तराची आई उठली.

मागाहून आलेली स्थळं बिजवरांची. अक्काने एकेक नाकारलं आणि अप्पांना दोन वेळा वाढत राहिली. त्यांना भात मऊ लागायचा, तोही तीच शिजवायची.

चार वर्षांनी अप्पा गेले. त्यांना ओसरीवर आणून निजवलं, तेव्हा चुलते न मागता पगडी घेऊन आले, वरची धूळ पुसून. मेलेल्याचा मान आमच्यात कोणी अडवत नाही. ते वाकून ती अप्पांच्या डोक्याला लावणार, तोच अक्काने त्यांचा हात धरला.

"नोको, काका," ती म्हणाली. "आज अप्पा तसेच आले की बाहेर."