एर्सीलियाचं अर्धं वाक्य

इटलीतल्या डोंगरावरच्या रोक्कासेल्वात सिनेमावाले आले तेव्हा गावातल्या निम्म्या बायका भुतं झाल्या. किल्ला होताच. त्यावर कापसाची जळमटं चढली, धुराची यंत्रं लागली, आणि रोमहून आलेल्या रेमो नावाच्या सहायकाने चौकात उभं राहून उंच, फिकट बायका निवडल्या. एर्सीलिया पहिल्या फेरीतच निवडली गेली.

"हिला रंग फासायचीसुद्धा गरज नाही," कारंज्यावर कपडे धुणारी असुंता मावशी म्हणाली. "सेत्तीमियो गेल्यापासून ही भूतच आहे."

मावशीची जीभ तिखट, पण बोलली ते खरं होतं. सेत्तीमियो लहानपणीच दगडाच्या खाणीत सुरुंगाच्या धमाक्याने ठार बहिरा झाला होता. समोरच्याचे ओठ बघून त्याला सगळं कळायचं, आणि त्याच्या नादाने एर्सीलियालाही ते जमायला लागलं. तो चौकाच्या एका टोकाला, ही दुसऱ्या, मध्ये सगळं गाव. आणि दोघं आवाज न काढता पोटभर बोलायची. प्रेमात पडलेल्यांना याहून मोठी चैन कुठली? मग एर्सीलियाच्या बापाने बहिऱ्याला मुलगी द्यायला साफ नकार दिला. सेत्तीमियोने चौकातूनच तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" तिने मान खाली घातली. बहिऱ्यासमोर मान खाली घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. तो बेल्जियमला काचेच्या कारखान्यात निघून गेला. त्याच्या आईने पत्ता दिला नाही. त्या घरात एर्सीलियाचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

पुढे बाप वारला. स्थळं आली, गेली. एर्सीलिया थांबूनच होती.

सिनेमातलं तिचं काम एवढंच होतं: पांढऱ्या झग्यात गजांच्या खिडकीशी उभं राहायचं, थेट कॅमेऱ्यात बघायचं आणि दगाबाज नवऱ्याला शाप द्यायचा.

"शाप कोणता देऊ?" तिने रेमोला विचारलं.

"द्या कोणताही. इथे आवाज घेतच नाहीत, बाई. मागाहून रोममध्ये दुसरीच कुणीतरी बोलणार. आमची नायिका तर नुसते आकडे म्हणते, आणि लोक थिएटरात रडतात! तुम्ही जपमाळ म्हणा, नाहीतर घरी रस्सा कसा करता ते सांगा. ओठ हलले म्हणजे झालं."

"आणि हा सिनेमा जाणार कुठे कुठे?"

"कुठे नाही जाणार? फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम... म्हणून तर आम्ही सगळे पडद्यावर इंग्रजी नावं लावतो. माल परका वाटला की खपतो. आमचा सुतारसुद्धा पडद्यावर लंडनचा साहेब असतो!"

एर्सीलियाला हसू आलं नाही. ती बेल्जियमपाशीच अडकली होती. सेत्तीमियोला भुतांच्या सिनेमाचं वेड होतं; त्यात बोलणं कमी, बघणं जास्त.

दिवे लागले, धूर सुटला. तिने गज घट्ट धरले, आणि चौकात बोलायची तसे ओठ स्वच्छ उघडून ती म्हणाली, "नाही झालं माझं लग्न. सेत्तीमियो, परत ये."

"वा!" दिग्दर्शक ओरडला. "काय तळमळ आहे! बाई, शिकलात कुठे?"

सिनेमा लागला तेव्हा एर्सीलिया मावशीला घेऊन डोंगराखालच्या गावी गेली. पडद्यावर आधी नुसता धूर होता. त्यातून तिचा चेहरा वर आला, पण तोवर पहिला शब्द धुरात गेला होता. ओठ दिसले ते "झालं माझं लग्न" म्हणताना. लगेच कात्री चालली आणि किंचाळणारा नवरा पडद्यावर आला. वरून कुणा रोमन बाईचा घोगरा आवाज म्हणाला, "मला तुझं रक्त हवंय."

"अगं, काय दिसतेस!" मावशीने टाळ्या पिटल्या. "रडतेस कशाला?"

काय सांगणार? सगळ्या युरोपात फिरून तिचं तोंड एकाच माणसाला एकच खोटं सांगणार होतं. ती रोमला जाऊन रेमोला भेटली. तो म्हणाला, "बाई, आता शंभर प्रती निघाल्या. आणि ओठ कोण बघतो?"

बऱ्याच वर्षांनी सेत्तीमियोची आई गेली आणि मूठमाती द्यायला तो आला. टक्कल पडलेला, अंगाने भरलेला. सोबत सोनेरी केसांची बायको होती. ती गाडीत बसून राहिली, आणि तो निघायच्या आधी घटकाभर चौकात आला. कारंज्यापाशी एर्सीलिया उभी होती. तो जुन्या जागी, पलीकडच्या टोकाला थांबला.

"तुझा निरोप मिळाला होता," त्याचे ओठ म्हणाले. "सिनेमात. पुन्हा पुन्हा जाऊन बघितला मी. तुझं भलं झालं हे कळलं, मग मीही संसार मांडला." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नवरा कुठे आहे?"

एर्सीलियाचा जीव ओठांवर आला. तिने पहिला शब्द उच्चारला.

"नाही..."

सेत्तीमियोचा चेहरा पडला. त्याने हॅट काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गेलेल्याच्या मानासाठी मान खाली घातली.

"...झालं माझं लग्न," एर्सीलिया त्याच्या टकलाला म्हणाली.