घंटेच्या कडीला बांधलेली झोळी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाते. भीतीने नाही... खोट्या वाटतात म्हणून. मी चौथी शिकलेली, चारचौघांत बोलायला लाजते. म्हणून हे लिहूनच ठेवते.

नरडाण्याच्या अलीकडे आमच्या गावाला एक छोटं स्टेशन होतं. रेल्वेचा तो फाटा बंद झाला, रूळ उपटून नेले, घंटाही नेली. राहिली दगडी इमारत आणि तिच्यात बसणाऱ्या बकऱ्या. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात गावाने तिथे बालवाडी काढायचं ठरवलं. सारवायला आम्ही तिघी गेलो – मी, माझी नणंद सुमन आणि म्हातारी अक्का. अक्काने जन्मभर त्याच फलाटावर शेंगा विकल्या होत्या.

माझी छबी तेव्हा तान्ही. तिच्या आधीचं लेकरू गेलेलं, त्यामुळे तिला मी डोळ्याआड करत नसे. पण आत चुन्याची धूळ उडत होती. बाहेर पडवीत घंटेची लोखंडी कडी मजबूत दिसली. तिलाच लुगड्याची झोळी बांधली.

"तठे नको बांधू वं माय," अक्का म्हणाली. "ती घंटानी जागा शे."

"घंटा कोठे शे आते?" सुमन हसली. "भूत वाजाडी का, अक्का?"

मलाही हसू आलं.

भर दुपार. छबी झोपली म्हणून मी आत तिकिटाच्या खिडकीखाली सारवत होते, आणि घंटा वाजली. टण् टण् टण् टण्... घाईघाईने, थांबेचना.

"कोन वाजाडी ऱ्हायनं वं?"

"काय वाजाडी ऱ्हायनं, वहिनी?" सुमन माझ्याकडे बघतच राहिली.

मी शेणाच्या हातांनीच पळाले. पडवीत कोणी नाही. आवाजही बंद. झोळी हलत नव्हती... छबीने पाय झाडून कापड पिळलं होतं आणि तो पीळ तिच्या नाकातोंडावर बसला होता. ओठ निळे. ओढून बाहेर काढली, पाठीवर थापट्या मारल्या. रडेना. पुन्हा मारल्या... तेव्हा कुठे टाहो फोडला तिने.

मी घंटेचं सांगितलं. सुमनला काहीच ऐकू आलं नव्हतं. अक्काने फक्त एवढंच विचारलं, "हळू वाजनी का घाईमा?"

"घाईमा."

"मंग गाडी सुटानी घंटा. गाडी येवानी हळू वाजे." तिने छबीच्या गालाला बोट लावलं. "पोरनी गाडी चुकनी. बेस व्हयनं."

छबी पुढे त्याच बालवाडीत गेली. बाईंनी त्या कडीला नवी घंटा टांगली. शाळा सुटताना ती घाईघाईनेच वाजायची. मी रोज ती वाजायच्या आधी दारात उभी असे.

त्या दुपारी मी काय ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही.