कोंबडखताच्या हौदातलं पांढरं खत

त्या दुष्काळात चौसाळ्याजवळच्या आमच्या कुक्कुटपालन सहकारी संस्थेत रसायनशास्त्र शिकलेली मी एकटीच होते. कोंबडखत उष्ण, पाऊस नसला की त्यानं पीक करपायचं. त्यातला फॉस्फरस वेगळा काढू, असं मी अध्यक्षकाकांना सुचवलं. खताच्या पाण्यात आम्ल घालायचं, फॉस्फरस पाण्यात उतरला की ते गाळायचं, मग मॅग्नेशियमचं मीठ आणि सोडा घालायचा. तळाशी पांढरं, रवाळ खत बसतं. बादलीत ते मला जमलं होतं.

टँकरचं पाणी कोंबड्यांनाच पुरेना. म्हणून शेड धुतलेलं पाणी आम्ही हौदात साठवलं आणि उन्हानं आटू नये म्हणून वर पत्रे टाकले. पाणी तसंच पंधरा दिवस कुजलं. मग एका सकाळी मी त्यात आम्ल ओतलं.

ढवळायचा बांबू निसटून आत पडला. शेडवर काम करणारे मामा पत्रा सारून शिडीवरून उतरू लागले.

"मामा, थांबा! आत आम्ल ओतलंय!" मी ओरडले.

ते दुसऱ्या पायरीवरच वाकले आणि शिडीत हात अडकून लोंबकळले. सडक्या अंड्यांचा वास माझ्या नाकात शिरला आणि काय झालंय ते कळलं: कुजलेल्या पाण्यात आम्ल पडून वायू सुटला होता आणि पत्र्यांखाली कोंडला होता. मामी धावत आल्या. मी त्यांना कमरेला धरलं.

"सोडा मला! मालक हाय माझा!"

"खाली विषारी वायू आहे! उतराल तर तुम्हीही जाल!"

"मंग त्यान्ला मरू द्यायचं का, बाई?"

लोकांनी पत्रे ओढून फेकले. वारा शिरला. काकांनी श्वास रोखून वरूनच मामांच्या हाताला दोराचा फास टाकला, चौघांनी ओढलं. मामा निळे पडले होते. बीडच्या दवाखान्यात दुपारी त्यांनी डोळे उघडले.

संस्थेच्या बैठकीत काकांनी एवढंच विचारलं, "कावून घाई केली?"

"पाणी आटत होतं," मी म्हणाले. "पण चूक माझीच. झाकलेल्या हौदात आम्ल ओतायला नको होतं."

काम बंद पडलं नाही. पुढं ताजं खत घेऊन, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, थोडं थोडं आम्ल घालत आम्ही ते केलं. मामा कोंबड्यांकडं परतले, हौदाकडं कधी फिरकले नाहीत.

पेरणीआधी सभासदांना पांढरं खत वाटलं. मामांच्या वाट्याची पिशवी मी स्वतः त्यांच्या घरी नेली. मामींनी ती घेतली. बसा म्हणाल्या नाहीत, पाणीही विचारलं नाही.